न्यूमिडियाचा पुतण्या
नोएडातल्या आमच्या डबिंग स्टुडिओच्या खाली गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना होता. त्याचं मोठं मशीन बंद असेल तेवढ्याच वेळात आमचं रेकॉर्डिंग चालायचं. मी तिथे मराठी लेखनाचं काम करायची. परदेशी माहितीपट आला की त्याचं निवेदन मराठीत आणायचं आणि प्रत्येक वाक्य चित्राच्या लांबीत बसवायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर न्यूमिडियावरची मालिका आली. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचं हे प्राचीन राज्य, आजच्या अल्जीरियाच्या बाजूचं. तिथले स्वार लगामाशिवाय घोडे पळवायचे. पहिला थोर राजा नव्वदीपर्यंत जगला आणि विखुरलेल्या टोळ्या जोडून त्याने एक राज्य उभं केलं. त्याच्यामागे त्याचा मुलगा गादीवर बसला. या मुलाला स्वतःचे दोन मुलगे होते आणि मेलेल्या भावाचा एक पोरका मुलगाही वाड्यात वाढत होता. हा पुतण्या देखणा, धाडसी, सगळ्यांचा लाडका. राजाला त्याची भीती वाटू लागली. लढाईत परस्पर संपेल या आशेने त्याने त्याला रोमच्या सैन्याबरोबर स्पेनला पाठवलं. पुतण्या मोठं नाव कमावून परत आला. मग राजाने त्याला दत्तक घेतलं.

हे लिहिताना माझे हात दोन-तीनदा थांबले, कारण आमच्या स्टुडिओतही एक पुतण्या होता.

स्टुडिओ काकांचा. सगळे त्यांना काकाच म्हणत. पुण्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेले, पुढे नोकरी सोडून आवाजाच्या धंद्यात पडलेले. भाऊ अकाली गेल्यावर त्याचा मुलगा त्यांनी स्वतःच्या घरी वाढवला. आता तोच सगळं पाहायचा, आणि छान पाहायचा. काकांची एकुलती एक मुलगी गुरुग्रामला आयटीत होती. वडिलांच्या छातीचं दुखणं वाढलं तशी ती आठवड्यातून दोन दिवस स्टुडिओत येऊ लागली होती.

मरणाला टेकलेल्या राजाचा आवाज काकांनी स्वतः द्यायचं ठरवलं. बाहेर इतकी धूळ होती की समोरची इमारत दिसत नव्हती. काचेपलीकडे काका, अलीकडे रेकॉर्डिंगच्या मशीनवर पुतण्या, त्याच्या शेजारी मी. राजा तिन्ही मुलांना जवळ बोलावून सांगतो, राज्य तिघांचं आहे, एकमेकांना धरून राहा. काकांनी ते एका दमात म्हटलं आणि बराच वेळ खोकत राहिले. मग माइकमध्येच म्हणाले, "काय रे, पुढे काय करतो हा पुतण्या?"

"अरे काका, पुढचा एपिसोड तर अजून आलाच नाहीये," तो हसून म्हणाला.

पुढचा एपिसोड आदल्या दिवशीच आला होता. त्या सकाळी माझ्या शेजारी बसून त्याने तो पूर्ण पाहिला होता. त्यात राजा जाऊन फार दिवस लोटायच्या आतच पुतण्याची माणसं धाकट्या राजपुत्राच्या मुक्कामात घुसतात आणि त्याचं डोकं कापून आणतात. मी पुतण्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे न पाहताच आवाजाची पट्टी नीट केली.

काका पुन्हा स्टुडिओत आले नाहीत. दवाखान्यात जायच्या आधी घरी बोलावून त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "स्टुडिओ दोघांचा. भांडू नका म्हणजे झालं." मुलगी रडली. पुतण्याने त्यांचे पाय धरले.

त्यानंतर ऑफिसात काहीतरी बदललं, पण त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. मुलीची खुर्ची एक दिवस स्टोअरच्या खोलीत गेली. मीटिंगा ती नसलेल्या दिवशी होऊ लागल्या. चहा देणारा माणूसही तिला आधी विचारेनासा झाला. एकदा पुतण्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, कुछ भी हो, तुमचं डिपार्टमेंट राहणार. टेन्शन घ्यायचं नाही." मी टेन्शन घेतलं नव्हतं. त्या वाक्यानंतर घेतलं.

मग ती सकाळ. मी सिर्टाच्या वेढ्याचा एपिसोड संपवत होते. उरलेला राजपुत्र या दरीकाठच्या शहरात अडकला होता आणि पुतण्याचं सैन्य महिनोन्‌महिने हलत नव्हतं. शहरातल्या इटालियन व्यापाऱ्यांनी त्याला सल्ला दिला, जिवाची हमी घे आणि शरण जा. तो गेला. पुतण्याने त्याला हाल करून मारलं, आणि व्यापाऱ्यांनाही सोडलं नाही.

छापलेली पानं घ्यायला मी प्रिंटरकडे गेले. माझ्या पानांवर आणखी एक कागद पडला होता. "मी संचालकपदाचा राजीनामा देत असून स्टुडिओवरील माझा हक्क सोडत आहे." खाली मुलीचं नाव, सहीची जागा कोरी. मी तो कागद होता तसा ठेवला.

दुपारी तिचा फोन आला. "ताई, दादाने उद्या स्टुडिओत बोलावलंय. म्हणतो घरचीच माणसं, वकील वगैरे कशाला. बाबांच्या उपचारासाठी काही सह्या हव्यात म्हणे. येऊ का एकटी?"

काचेपलीकडून पुतण्या माझ्याकडे पाहत होता. त्याला ऐकू जात नव्हतं, हे मला माहीत होतं.

"ये की," मी म्हणाले. "घरचाच तर आहे."

ती आली, वीस मिनिटं बसली, सह्या करून गेली. कशावर सह्या केल्या ते तिला आठवड्याभराने कळलं. काका तेव्हा ऑक्सिजनवर होते, त्यामुळे तिने भांडण केलं नाही.

माझं डिपार्टमेंट राहिलं, साधारण वर्षभर. मग एका मोठ्या कंपनीने स्टुडिओ घेतला. आधी मराठी विभाग बंद झाला, नंतर पुतण्यालाही बाहेर काढलं. तो गेला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

परवा कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये ती भेटली. तिच्या हातात थालीपिठाचं पार्सल होतं. मी नजर चुकवायच्या आत समोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "कागद पाहिला होता मी."

तिने पार्सल दुसऱ्या हातात घेतलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा आता घरीच असतात. अजून तुमची चौकशी करतात," ती म्हणाली. "ती पोरगी मराठी फार छान लिहायची, म्हणतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही."

पार्सल सांभाळत ती दाराकडे गेली. काकांना भेटायला या, असं काही ती म्हणाली नाही.