विटकरी डबी

सक्करदऱ्यातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात एक बाई काउंटरवर असते. मी दर आठवड्याला तिथे गोरेपणाच्या वेडाविरुद्धची आमच्या संघटनेची पत्रकं ठेवते आणि ही बाई ब्लशचा ब्रश त्यांवरच पुसते. सावळी मुलगी आली, की हिचं ठरलेलं, "हा फिक्का गुलाबी घे वं, उजळ दिसशील." मुलीच्या गालांवर पीठ सांडल्यासारखं दिसतं, तरी ही समाधानाने मान डोलावते. मला वाटायचं, हिला रंगातलं काही कळतच नाही.

परवा मौदा गावची एक सावळी मुलगी आली. दुसऱ्या दिवशी तिला पाहायला पाहुणे यायचे होते. तिने विटकरी ब्लश गालावर फिरवला आणि चेहरा खरोखर खुलला. बाईने लगेच ओल्या कापसाने तो पुसला आणि फिक्का गुलाबी थापला.

"हे मी नाही दिसून राहिली, काकू."

"पाहुण्यांले असंच लागते."

मग बाईने ड्रॉवरमधून स्वतःची डबी काढली. विटकरी, तळ दिसेपर्यंत वापरलेली. आपल्या सावळ्या गालांवर तिने तो रंग इतका बेताने लावला, की मी बघतच राहिले.

"मंग तुम्ही काहून हा लावता?" मुलीने विचारलं.

"माह्यं लग्न होऊन गेलं ना वं."

मुलगी गुलाबी डबी घेऊन गेली. बाईने ब्रश पुसायला आमचं पत्रक ओढलं. 'आपला रंग, आपला अभिमान' या ओळीवर विटकरी छान उठून दिसला.