मेंढ्यांचं मीठ

मोतेंग घाटात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांना मोखेलेने शिकवलं आहे. शिकवण एकच: गोठलेल्या उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही. खालचा गिअर टाकायचा, हात हलका ठेवायचा, आणि देवाचं नाव घ्यायचंच तर घरून निघताना घ्यायचं.

एकतीस वर्षं त्याने आमच्या गावची व्हॅन चालवली. घाटात एका वळणावर जून ते ऑगस्ट, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, ऊन पोचतच नाही. तिथे तो सगळ्यांना उतरवायचा. प्रत्येकाने घरून डबाभर राख आणायची, चाकांपुढे पसरायची आणि गाडीमागून चालायचं. मी शाळेची मुख्याध्यापिका, पण मलाही सूट नव्हती. "म्मे, राख नाही तर जागा नाही," म्हणायचा; म्मे म्हणजे बाई.

त्या जुलैत एका संध्याकाळी त्याच्या बायकोचं, मालिनेओचं, आतडं अडकलं. पोट दगडासारखं झालं. नर्स म्हणाली, उद्या दुपारच्या आत बुथा-बुथेच्या इस्पितळात पोचवा, ऑपरेशन झालं नाही तर ती जगायची नाही. तिला उतरून चालणं शक्य नव्हतं आणि भरल्या गाडीला राख पुरणार नव्हती. म्हणून मोखेलेने आपल्या मेंढ्यांना चाटायला आणलेलं जाड्या मिठाचं पोतं उचललं आणि अंधार पडायच्या आत त्या वळणावर रिकामं केलं. मलाही ती युक्ती पटली होती, हे सांगून टाकते.

सकाळी मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. वळणावरचा बर्फ खरंच वितळला होता. आणि तिथे मोखेलेच्याच मेंढ्या, माना खाली घालून रस्ता चाटत होत्या. दुसरी गाडी असती तर बुजून पळाल्या असत्या. पण ही गाडी मीठ आणते हे त्यांना ठाऊक होतं. त्या आमच्याकडेच धावत सुटल्या.

मोखेलेने ब्रेक दाबला.

वितळलेलं पाणी थोडं खाली जाऊन पुन्हा काचेसारखं गोठलं होतं. त्यावरून गाडी मुकाट घसरली आणि चरात कलंडली. कुणाला खरचटलंही नाही. चाक मात्र मोडलं.

मालिनेओने ब्लँकेटातून विचारलं, "मेंढ्या वाचल्या ना?"

"वाचल्या," मोखेले म्हणाला.

"मग त्यांना मारू नकोस."

दुसरी गाडी यायला एक वाजला. मालिनेओ अकरालाच गेली होती.

गाव म्हणतं, त्याचा दोष नाही. मीही एकदा तेच बोलायला गेले. आदराने म्हटलं, न्ताते, तुमच्या जागी शंभर जणांनी ब्रेकच दाबला असता.

"त्या शंभर जणांना, दाबू नका म्हणून मीच शिकवलं ना?" तो म्हणाला.

मी चहा न घेताच उठले.

त्याने मेंढ्या विकल्या नाहीत, आणि पुन्हा मीठही आणलं नाही. गाडीचा आवाज आला की त्या अजून रस्त्याकडे धावतात. तो दार लावून घेतो.