नंबर दोनदा सांगणारे साहेब

आमच्या साहेबांसारखा व्हॉइसमेल ठेवणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा झाला नाही, आणि हल्ली व्हॉइसमेल कोणी ऐकतच नसल्यामुळे पुढे होण्याचीही शक्यता नाही. विमानाने आलेला माल सोडवून देण्याचं त्यांचं हाउन्सलोला छोटंसं ऑफिस होतं आणि पुण्याहून नुकतीच आलेली मी तिथे त्यांच्या हाताखाली होते. पलीकडे बीप वाजायच्या आत साहेब खुर्चीतून उठत, कोटाचं बटण लावत आणि जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या चार ओळी समोर धरत. कोण, नंबर, कारण, कधीपर्यंत. नंबर दोनदा, आणि तोही इतका सावकाश, की ऐकणाऱ्याने पेन शोधावं, ते उठत नाही म्हणून दुसरं शोधावं, तरी शेवटचे आकडे शिल्लक असत. एकदा विमानतळावर मेथीची खोकी अडकली तेव्हा मी घाईघाईत 'फार अर्जंट आहे, प्लीज फोन करा' एवढाच निरोप ठेवला. नाव नाही, नंबर नाही. मेथी पिवळी पडली. साहेब रागावले नाहीत, पण आठवडाभर त्यांनी मला उभं राहून त्यांच्याच मोबाइलवर निरोप ठेवायला लावले आणि रात्री घरी ते ऐकून सकाळी मार्क दिले. "समोरच्याने पुढे काय करायचं ते कळलं नाही, तर तो निरोप नाही," म्हणायचे.

मी त्यांची यथेच्छ नक्कल करायचे. शुक्रवारी दुपारी मात्र नाही. त्या वेळी ते कार्डिफच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या मुलीला फोन लावत. ती ड्यूटीवर असे, फोन व्हॉइसमेलवर जाई. मग साहेब उठत, बटण लावत आणि पोटच्या पोरीला आडनावासकट आपलं नाव नि दोनदा आपला नंबर सांगत. कारण दर वेळी नवं : तुझं पत्र आलंय, बॉयलरवाला येऊन गेला. सहापर्यंत फोन कर. सहापर्यंत तिचा टेक्स्ट येई : 'ओके बाबा, बिझी.' साहेब तो वाचत आणि पाकीट घडी करून खिशात टाकत. मला फार वाईट वाटे.

एकदा न राहवून मी म्हटलं, आठवण येते म्हणून सरळ सांगा ना.

"ते कारण नाही गं. त्यावर ती काय करणार?"

मग एका शुक्रवारी कारणंच संपली. नाव झालं, नंबर दोनदा झाला, आणि साहेब पाकिटाकडे बघत नुसतेच उभे राहिले. तिसरी ओळ कोरी होती. "काही नाही गं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. निरोप फुकट गेला म्हणून ते स्वतःवरच चिडले. पाचच मिनिटांत फोन वाजला. ती वॉर्डाबाहेर येऊन बोलत होती. "बाबा, तू ठीक आहेस ना? तू कारण नाही सांगितलंस." ते तासभर बोलले. इतकी वर्षं निरोप उभ्याने ठेवणारा तो माणूस, पहिल्यांदाच खाली बसून.

साहेब आता कार्डिफला, तिच्या शेजारच्या गल्लीत राहतात. बापलेक संध्याकाळी फिरायला जातात, म्हणून माझा फोन उचलला जात नाही. मी एजवेअरच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहते, नाव सांगते, नंबर दोनदा सांगते, सावकाश. कारणाशी दर वेळी अडखळते आणि मग सांगूनच टाकते : साहेब, आठवण आली. सहापर्यंत वाट बघते.