सुनेचे मामा आणि आगीचा बंब

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर असं की माझीच वाण्याची यादी मला लागत नाही. पण सुनेच्या मामांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण असा माणूस अख्ख्या कॅनडात दुसरा नसेल.

आमचं गाव रेजिनापासून तासाभरावर. गाव म्हणायचं आपलं. सरकारदरबारी ते गावच नाही. नगरपालिका नाही की नगराध्यक्ष नाही. थोडी घरं, एक हॉल, रस्त्यावर एक दिवा आणि मामा. बर्फ पडला की तो लोटायचा प्लाउ मामा चालवणार, दिवा गेला की शिडीवर मामा, आणि शनिवारी कचरा डेपोच्या फाटकात खुर्ची टाकून पुन्हा मामाच. तिथे ते प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात. एकदा म्हणाले, "विहीणबाई, कोथिंबिरीचे देठ टाकलेत? रेजिनाहून आणायची आणि अर्धी फेकायची? आमटीत घाला की." मी लाजून पिशवी परत आणली. संध्याकाळी आमटी प्यायला स्वतःच हजर.

पण त्यांचा खरा जीव आगीच्या बंबात. बंब गावातलीच माणसं बिनपगारी चालवतात. मामा त्याला दर रविवारी आंघोळ घालतात, स्वतःची झाली नसली तरी. आग लागली की वाजणारा पेजर झोपतानाही कमरेला. इथे काही जाळायचं तर आधी फोन करून कळवावं लागतं. हा नियम मामांनी गावाला इतका ऐकवलाय की माझा नातू केकवरच्या मेणबत्त्या लावण्याआधी विचारतो, "मामा, डिड यू कॉल?"

मागच्या होळीच्या आधी मीच बोलून गेले, इथे आल्यापासून होळी पाहिली नाही. झालं. मामांनी आमच्या अंगणात बर्फातच जुन्या फळ्या रचल्या. मुलगा म्हणाला, "मामा, फोन केलात ना?" मामा दुखावले. "अरे, फोन आगीचा करतात. ही होळी आहे." मी नैवेद्य ठेवला, होळी पेटली आणि मामांनी तोंडावर हात मारत खणखणीत बोंब ठोकली. समोरच्या गोऱ्या म्हातारीने खिडकीतून पाहिलं, तर आग आणि तिच्याभोवती तोंड बडवत फिरणारा माणूस. तिने लगेच फोन लावला. दुसऱ्या बोंबेच्या मध्यावर मामांचा पेजर वाजला. त्यावरचा पत्ता न ऐकताच, "कुठेतरी आग लागलीय," असं आम्हालाच सांगून मामा गाडीत बसून पळाले. थोड्या वेळाने भोंगा वाजवत बंब आला तो आमच्याच दारात. हेल्मेट घातलेले मामा उतरले. त्यांनी होळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नैवेद्य बाजूला घ्या," म्हणाले, आणि पाण्याचा पाइप सोडला.

न कळवता जाळणाऱ्याला बंबाचं बिल येतं, आणि ते फिटेपर्यंत त्याने बंबावर चढायचं नाही. हा नियमही मामांनीच भांडून करून घेतलेला. बंबाचा कॅप्टन म्हणाला, "तुमच्यापुरता सोडून देऊ." मामा म्हणाले, "नो सर," आणि पेजर त्याच्या हातात दिला. मुलगा पैसे भरायला निघाला तर, "काडी मी लावली," म्हणाले. पेन्शन बेताची, म्हणून हप्ते लावून घेतले. मग उन्हाळाभर भोंगा झाला की मामा रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, बंब दिसेनासा होईपर्यंत. मला ते बघवेना.

ऑक्टोबरात हॉलमध्ये गावजेवण असतं, टर्की आणि पम्पकिन पाय. तिथे मी पुरणपोळ्या विकायला ठेवल्या. चार माणसांत माझी मान वर होत नाही, त्यामुळे खाली बघूनच वाढत होते. समोरची म्हातारी पुन्हा पुन्हा आली. उरलेल्या हप्त्यांसाठी ते पैसे मी मामांपुढे केले तेव्हा ते म्हणाले, "मी कोणाचे घेत नाही."

"होळी कोणी मागितली होती?" मी म्हटलं. मामांना मी पहिल्यांदाच उलट बोलले.

 मग मामा मलाच कॅप्टनपुढे नेऊन म्हणाले, "तुम्हीच द्या, विहीणबाई."

कॅप्टनने पेजर परत दिला. तो कमरेला अडकवताना मामांकडून पट्ट्यात आकडा बसेना. एवढी वर्षं बघतेय, पण मामा म्हातारे झालेत हे मला त्या दिवशी कळलं. मी आकडा लावून दिला. बिल पूर्ण फिटलं होतं.