सहा इंजिनांचा धूर आणि फौजी वामन

बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात वामन पाटलाला कोणी वामन म्हणत नाही, फौजी म्हणतात. तो फौजेत कधीच नव्हता, नौदलात होता, हे त्याने सुरुवातीची काही वर्षं ज्याला त्याला समजावून सांगितलं. पण तापीकाठच्या माणसाला समुद्राचं काय. वर्दी घालून आला तो फौजी. शेवटी वामनने नाद सोडला. शिवाय नौदलात असून आपण जहाजावर नव्हतो, गोव्याला विमानांवर होतो, हे सांगायला गेलं की लोक चहाचा कप खाली ठेवून त्याच्याकडे संशयाने बघायचे.

शाहपूरकडच्या एका केळीवाल्या घरातला हा मुलगा अकरावीनंतर भरतीला गेला आणि मेकॅनिक होऊन हँगरमध्ये पोचला. तिथे उभं होतं सुपर कॉन्स्टलेशन. चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं, पाठीला किंचित बाक असलेलं जुनं विमान. सगळे त्याला कॉनी म्हणत. जगात जेट येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ही म्हातारी समुद्रावर गस्तीला जायची आणि एकदा वर गेली की दिवस मावळेपर्यंत खाली यायचं नाव काढत नसे.

ती एवढी टिकायची ती तिच्या इंजिनामुळे. एकेका इंजिनात अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगांत, गोल मांडलेले. पेट्रोल जळायचं, पिस्टन हलायचे, पंखा फिरायचा, इथवर सगळं मोटारीसारखंच. पण जळून बाहेर पडणारा धूर असाच सोडून देत नसत. सहा-सहा सिलिंडरचा धूर एकेका टर्बाइनवर, म्हणजे पात्यांच्या चाकावर, जाऊन आदळायचा. अशी तीन चाकं. ती भन्नाट फिरायची आणि तेलाच्या जोडणीतून आपली ताकद परत त्याच इंजिनाच्या मुख्य दांड्याला द्यायची. वाया जाणाऱ्या धुरातून शेकडो घोड्यांची ताकद, आणि तीही पेट्रोलचा एक थेंब जास्त न जाळता. विशीतल्या वामनला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याला रात्री झोप लागली नाही.

त्याला शिकवणारा चीफ केरळचा होता. त्याचं हिंदी वामनच्या हिंदीइतकंच यथातथा. तो एक वाक्य नेहमी म्हणायचा, "धुएँ को रोकना नहीं. जाते-जाते काम करवा लेना." वामनला त्या वयात हे वाक्य पाठ झालं, पण समजलं नाही. समजायला पुढे पन्नाशी-साठी उलटावी लागली.

कॉनी निवृत्त झाली. तिच्या जातीची इंजिनंही संपली, कारण निव्वळ टर्बाइनची विमानं सोपी पडायची आणि इतक्या भानगडीची देखभाल कोणाला नको होती. वामनही नोकरी पुरी करून बऱ्हाणपूरला आला, बुधवाऱ्यात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलं, आशाबाईशी लग्न तर आधीच झालं होतं. येताना त्याने गोव्याहून दोन गोष्टी आणल्या. एक, डाव्या कानाचा बहिरेपणा. दुसरी, कुठेही काही वाया जाताना दिसलं की अस्वस्थ होण्याची खोड. कुकरची शिट्टी झाली की त्याची मान तिकडे वळायची. आशाबाई म्हणायची, "तिकडे नका पाहू. वरण आहे ते, विमान नाही."

आशाबाई हातमाग-पॉवरलूमच्या गल्लीत वाढलेली. वडील मागावर कामाला. लहानपणी ती डबा घेऊन जायची तेव्हा आत पाऊल टाकण्याआधीच सांगायची की कोपऱ्यातला माग आज बिघडलाय. नवऱ्याच्या इंजिनकथा तिने इतक्यांदा ऐकल्या होत्या की तो बोलता बोलता अडला तर ती भाजी निवडता निवडता पुढचं वाक्य पुरं करायची.

मागच्या उन्हाळ्यात वामनने ठरवलं की आता पुरे झालं बोलणं, करून दाखवायचं. गावाकडे पुतण्या नीलेशच्या शेतात पाण्याच्या पंपाचं, एक सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन होतं. शहरातल्या समाधानच्या गॅरेजमधून ट्रकचा एक टाकाऊ टर्बो, म्हणजे धुरावर फिरणारं चाक, आणला, तो इंजिनाच्या धुराच्या नळीला बसवला आणि पट्ट्याने दांड्याला जोडायची खटपट केली. बघायला अर्धं गाव आलं. इंजिन सुरू झालं. टर्बो शिट्टी घालत असा काही फिरला की वामनच्या अंगावर काटा आला.

नीलेश पाटाकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "काका, पाणी कमी झालं ना हो."

खरंच झालं होतं. आधी मनगटाएवढी धार पडायची, ती आता करंगळीएवढी. इंजिन धापा टाकत होतं. शेजारच्या शेताचा पंडित चौधरी बांधावर बसला होता, तो म्हणाला, "फौजी, तुम्ही तर त्याचं नाक दाबून धरलं."

लोक हसत हसत घरी गेले. वामनही हसला, पण घरी येऊन जेवला नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पंडितचं वाक्य त्याच्या डोक्यात घोळत राहिलं, आणि मग एकदम केरळच्या चीफचं वाक्य त्याला लागून आलं. नाक दाबलं. धुराला अडवलं. ट्रकचा टर्बो धुराला कोंडून काम करवतो. कॉनीचं चाक कोंडत नव्हतं. धूर सुसाट बाहेर निघायचा आणि जाता जाता पात्यांना थापड मारून जायचा. शिवाय एका सिलिंडरची थापड म्हणजे फट्, मग कितीतरी वेळ काही नाही, मग पुन्हा फट्. तिथे एका चाकाला सहा सिलिंडर होते.

"सहा पाहिजेत," तो अंधारात म्हणाला.

"काय सहा?" आशाबाई.

"इंजिनं."

"झोपा," ती म्हणाली.

एका चाकासाठी सहा शेतकऱ्यांची इंजिनं कोण आणून लावणार. विषय तिथेच मिटला असता. पण भादव्यात पावसाने तीन दिवस उसंत घेतली नाही. नाला फुगला आणि पंडित व त्याचा थोरला भाऊ दगा यांच्या सखल शेतात पाणी शिरलं. केळीच्या मुळ्या पाण्यात दोन-चार दिवस राहिल्या की बाग पिवळी पडून आडवी होते. त्यात गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. विजेच्या मोटारी मुक्या झाल्या. मग गावाने गोठ्यात, कोठीत पडलेली जुनी डिझेल इंजिनं बाहेर काढली. ज्याचं त्याचं बैलगाडीत, ट्रॅक्टरवर घालून आणलं आणि नाल्याच्या बांधावर ओळीने मांडलं. वामनला बोलावलं ते ती चालू करायला.

तो आशाबाईसह आला, कारण तिला नीलेशच्या बायकोला भाकऱ्या थापू लागायचं होतं. दुपारभर खपून त्याने सगळी इंजिनं सुरू केली. मग चिखलातून मागे सरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मोजलं. सहा होती. सहाच्या सहा पाणी उपसत होती आणि सहा नळ्यांमधून काळा धूर आभाळात चालला होता.

त्या दिवशी अंधार पडल्यावर काम थांबवावं लागलं. बॅटरीच्या उजेडात दगा पाइप हलवायला गेला आणि कमरेइतक्या खड्ड्यात गेला. त्याला बाहेर काढणारा पंडित होता. बांधावरून दोघा भावांचं वर्षभर बोलणं नव्हतं, आणि बाहेर काढल्यावरही झालं नाही.

"मी उद्या उजेड देतो," वामन म्हणाला.

नीलेशने काकाकडे पाहिलं. "काका, पाणी कमी होईल का?"

"थेंबभर नाही होणार."

"मग सरळ इंजिनालाच डायनामो लावू ना."

"तेवढा जोर पंपातून जाईल. मी फुकटचा म्हणतोय."

सकाळीच तो समाधानच्या गॅरेजमध्ये हजर. शहरात वीज होती, वेल्डिंग चालू होतं. टेम्पोची जुनी रिम घेतली. तिच्या कडेने पाती हवी होती, वाटीसारखी खोलगट, आणि तापली तरी वितळू नयेत अशी. पत्रा ठोकून वाट्या करण्यात दिवस गेला असता. वामन घरी गेला आणि मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या पिशवीत भरू लागला. आशाबाई गावीच थांबली होती. त्याने फोन लावला.

"तुझ्या वाट्या घेतोय."

"कोणत्या?"

"सगळ्या."

ती म्हणाली, "माझ्या आईकडच्या दोन ठेवा. बाकी न्या."

दुपारनंतर चाक घेऊन तो आणि समाधान शेतावर पोचले. दोन लोखंडी घोड्यांमध्ये चाक बसवलं, भोवती जाळी, एका अंगाला पट्टा, पट्ट्यावर वीज करणारा ट्रकचा अल्टरनेटर. खरी अडचण इंजिनांची होती. सहाही नळ्यांची तोंडं चाकाभोवती यायला हवी होती, म्हणजे इंजिनं अर्धगोलात खेटून लावायची. तसं लावलं तर दगाचं इंजिन पंडितच्या इंजिनाच्या मांडीला मांडी लावून येत होतं.

"माझं इकडे राहू दे," दगा म्हणाला.

"तिकडून धूर पोचत नाही," वामन म्हणाला.

दगा चाकाकडे, मग पाण्यात उभ्या केळीकडे बघत राहिला. मग लुंगी खोचून त्याने इंजिनाला हात घातला. ते जड होतं. दुसऱ्या बाजूने पंडितने उचललं, कारण बाकीच्यांचे हात आपापल्या इंजिनाला होते.

अंधार पडता पडता एकेक करून इंजिनं सुरू झाली. सहावं लागलं तशी चाकाने जागा सोडली. आधी आळसटल्यासारखं फिरलं, मग वाट्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या. नाल्यात पडणाऱ्या धारा होत्या तशाच जाड. नीलेश प्रत्येक धारेशी जाऊन आला आणि लांबूनच त्याने अंगठा दाखवला. पण बांबूवर टांगलेले दिवे नुसते लाल होत होते, पेटत नव्हते. चाक मधूनच दचकल्यासारखं करत होतं.

वामन घसा फोडून ओरडत होता, याचं डिझेल वाढव, त्याचं कमी कर. सहा इंजिनांच्या गदारोळात त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आशाबाई बांधावर आली. ती चालता चालता थांबली. टोपलं नीलेशच्या बायकोच्या हातात दिलं, पुढे आली आणि चौथ्या इंजिनाकडे बोट केलं.

"ते चुकतंय," ती त्याच्या उजव्या कानाशी म्हणाली. "चार ठोके देतं, एक खातं."

वामनने वाकून पाहिलं. डिझेलच्या नळीत हवा होती. त्याने स्क्रू सैल केला, बुडबुडे निघून गेले, पुन्हा आवळला. चाकाचं दचकणं थांबलं. ते घुमायला लागलं, आणि दिवे आधी पिवळे, मग पांढरे झाले. अख्खा बांध उजळला. चिखलातले पाय, पाइपांची गुंतवळ, दगाच्या मिशीला लागलेलं ग्रीस, सगळं स्वच्छ दिसू लागलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कामाची घाई होती. एक वाटी सुटून जाळीत अडकली, थोड्या वेळाने दुसरी. वामनने चाक थांबवून त्यांच्या बरोबर समोरच्या दोन ठोकून काढल्या आणि तोल सांभाळला. दोघा भावांनी पाइप पुढे सरकवला, तेव्हा "जरा डावीकडे" आणि "धर" एवढं त्यांच्यात बोलणं झालं. जेवणवेळ टळून गेली तोवर वरंब्यांचे माथे पाण्याबाहेर आले होते.

वामन बादली पालथी घालून चाकाशेजारी बसला होता. तोंड काळं, डोळे लाल. आपण किती वर्षांनी असे बसलोय, याचा हिशेब त्याला लागेना. आशाबाई भाकरीवर पिठलं घालून घेऊन आली आणि शेजारी बसली. दोघं एका हाताने जेवत चाकाकडे बघत राहिले.

बाग बहुतेक वाचली. खालच्या कडेच्या काही ओळी गेल्या, त्या दगाच्या होत्या. पंडितने त्याला आपल्या बागेतली रोपं देऊ केली. दगाने ती घेतली, पण बांधाचं भांडण अजून चालूच आहे. डीपी पुढच्या दिवशी बदलली. चाक नीलेशच्या कोठीत आहे.

वामनला मात्र भिजल्याने ताप भरला आणि ओरडून ओरडून आवाज पार बसला. गावातले लोक भेटायला बुधवाऱ्यात आले, घर भरून गेलं. गल्लीतल्यांनी विचारलं, काय झालं होतं हो शेतावर. जन्मभर ज्या गोष्टीची वाट पाहिली ती सांगायची वेळ आली, आणि वामनच्या गळ्यातून नुसती हवा निघत होती. मग नीलेशच सांगायला लागला. त्याने सहाची आठ इंजिनं केली. टेम्पोच्या रिमचं ट्रॅक्टरचं चाक केलं. गोव्याचं विमान मुंबईला नेलं आणि त्याला जेट म्हणाला.

वामन पलंगावर उठून बसला, दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणू लागला, बोटांनी सहा दाखवू लागला.

"हे बघा, काका पण सांगी राहिले," नीलेश म्हणाला, "आठाच्या वर सहा, म्हणजे चौदा होती."

आशाबाईने वामनला खांद्याला धरून परत उशीला टेकवलं आणि हातात कप दिला. "राहू द्या आता," ती म्हणाली. "चहा गरम आहे तोवर प्या."