दहापैकी दोन

वेदनातज्ज्ञांच्या आमच्या संघटनेची सभा होती. अध्यक्ष बोलायला उठले आणि टेबलाची कड धरून क्षणभर तसेच थांबले. शेजारच्या सचिवबाईंनी हळूच विचारलं, "सर, दहापैकी किती?" दुखणं दहापैकी किती, प्रत्येक पेशंटला आम्ही हेच विचारतो.

"दोन," सर म्हणाले.

बाईंनी त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि समोरच्या कागदावर सात लिहिलं. समोरच्याला त्रास नको म्हणून माणसं आकडा कमी सांगतात, तेव्हा हात बघा, हे सरांनीच शिकवलेलं. सरांनी तो सात पाहिला आणि भाषण बसून केलं.

मी ते धड ऐकलं नाही. शेवटच्या आजारात आई मला रोज "दोन"च सांगायची. मी लिहून घ्यायचो. तिचे हात पांघरुणाखाली असायचे.