कंबरेच्या उंचीवरून

कोणतीही वस्तू आपटून पाहिल्याशिवाय ती चांगली आहे असे म्हणायला पुरेसा पुरावा नसतो, असे मानणारा एकच माणूस मुंबईच्या उपनगरांत उरला आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आतोबांनी उभी नोकरी मुलुंडच्या एका कारखान्यात मिक्सरच्या भांड्यांची चाचणी घेण्यात घालवली. भांडे कंबरेच्या उंचीवरून फरशीवर टाकायचे, पोचा आला का ते पाहायचे आणि मग बोटाच्या पेराने वाजवून कान लावायचा, असे त्या कामाचे स्वरूप होते. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना एक भिंतीवरचे घड्याळ दिले. ते त्यांनी त्याच संध्याकाळी घरी टाकून पाहिले. घड्याळ अजूनही दिवाणखान्यात आहे, शोभेसाठी.

छत्री घेताना ते ती दुकानातल्या उभ्या पंख्यासमोर उघडतात आणि पंखा पूर्ण वेगाने लावायला सांगतात. घाटकोपरला प्रवासी बॅग घेताना ते आधी स्वतः तिच्यावर बसले, मग आत्याला बसवले, आणि दोघांचे वजन चाचणीला अपुरे आहे असे ठरवून दुकानदाराला म्हणाले, "तुम्ही जरा या." दुकानदार देहाने भरभक्कम आणि मनाने हळवा होता, त्यामुळे बॅग दुसऱ्या दुकानातून घ्यावी लागली. कलिंगड, कुकर, शेजाऱ्यांचा नवा दरवाजा, माझे हेल्मेट (मी ते घातलेले असताना), सारे काही ते पेराने वाजवतात आणि डोळे मिटून ऐकतात. आत्याच्या मते तिचीही यातून सुटका झाली नव्हती. "पहिल्यांदा मला बघायला आले ते रीतसर, आईवडिलांना घेऊन," ती सांगते. "दुसऱ्यांदा न सांगता टपकले, ऐन धुण्याच्या वेळी. मला वाटलं, केवढी ओढ! नंतर कळलं, टेस्टिंग होतं ते." यावर आतोबा शांतपणे म्हणतात, "पास झालीस ना? मग?"

अशा माणसाच्या हाती गेल्या वर्षी एक खोके पडले आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की आतील वस्तू मोडत नाही. एका दुकानात ते मिक्सरचे वॉशर आणायला गेले होते. शेजारच्या फळीवर रिमोटने चालणारी, बॅटरीवरची, खडबडीत जमिनीसाठीची गाडी होती. दुसऱ्या कोणी हे वाक्य जाहिरात म्हणून सोडून दिले असते. आतोबांना तो व्यक्तिगत अपमान वाटला. घरी येऊन त्यांनी जाहीर केले की अशी गाडी आपण घेणार. पण ती नव्हे, खरोखर दणकट असेल ती.

मुहूर्त मात्र त्यांनी असा निवडला की त्याला तोड नव्हती. त्यांची इमारत पुनर्विकासाला चालली होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, आतोबांचीही, अर्थात बिल्डरच्या माणसाने आणलेला नमुन्याचा नळ टेबलावरून खाली टाकून झाल्यावर. बिऱ्हाडे भाड्याच्या जागा शोधत होती, आत्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि आतोबा कंपाउंडमध्ये उभे राहून मला ट्रॅक दाखवत होते. बदामाच्या मुळांनी उचलून धरलेल्या फरश्या, पाण्याच्या टाकीवरचा उंचवटा, एक गज गायब असलेली गटाराची जाळी, मागच्या भिंतीशी कधीच्या दुरुस्तीतून उरलेला वाळूचा ढीग. याच दोषांवरून त्यांनी वर्षानुवर्षे सोसायटीच्या कमिटीशी भांडण केले होते. आता त्याच दोषांकडे ते एखाद्या बागेकडे पाहावे तसे पाहत होते. "नवीन बिल्डिंगमध्ये सगळं गुळगुळीत असणार गं," ते म्हणाले. "असं कंपाउंड परत मिळायचं नाही. घर सोडायच्या आत ह्याच्यावरून गाडी एकदा फिरली पाहिजे."

मी प्लास्टिकला तडे का जातात या विषयावर संशोधन करते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे आला आणि मी त्याचे उत्तर एका चहाच्या अवधीत दिले. वेगाच्या आकड्याकडे पाहू नका. चाकांना धरणारे हात कडक प्लास्टिकचे नकोत, धक्क्याला वाकणाऱ्या नायलॉनचे हवेत. गिअर धातूचे असावेत. विजेचे भाग पाण्याचिखलापासून बंदिस्त असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुटे भाग मिळाले पाहिजेत. कारण न मोडणारी गाडी अस्तित्वात नाही, मोडल्यावर दुरुस्त होणारी तेवढी असते. आतोबांनी हे सारे आदराने ऐकून घेतले आणि त्यातले काहीही मान्य केले नाही. माझे उत्तर तर्काने आले होते, आपटण्यातून नव्हे.

पुढचे महिने मी त्यांची साक्षीदार म्हणून उपनगरे पालथी घातली. अंधेरीच्या दुकानात त्यांनी काउंटरवरच्या गाडीकडे बोट दाखवले. "हिला टाका."

"कुठे टाकू, काका?"

"खाली. कंबरेच्या उंचीवरून."

"काका, ही फक्त दाखवायची आहे."

"मीही दाखवायलाच सांगतोय."

बोरिवलीत एका विक्रेत्याने गाडी वॉटरप्रूफ आहे असे सांगण्याची चूक केली. आतोबांनी बादली मागितली. "वॉटरप्रूफ म्हणजे डबक्यातून जाते हो," तो कळवळून म्हणाला, "पोहायला नाही लावायची!" तिसऱ्याने ताशी साठचा वेग सांगितला तेव्हा आतोबांना हसू आवरेना. "मुलुंडमध्ये साठ? अरे, आमचा रस्ता रिक्षाला वीसच्या वर जाऊ देत नाही!" चौथ्या दुकानात त्यांनी विचारले की पुढच्या चाकाचा हात मोडला तर काय करायचे. "नवी गाडी घ्यायची, अंकल. सिंपल." आतोबा तडक बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मग थांबून म्हणाले, "माझ्या एक लक्षात आलंय. न मोडणारी गाडी नसतेच. जिचे पार्ट मिळतात, ती खरी दणकट." हा शोध त्यांनी मला अशा उदारपणे सांगितला की त्याचे जनकत्व माझ्याकडे असल्याचे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

"अहो, टेम्पो दाराशी आलाय," असे आत्याने फोनवर सांगितले तेव्हा आम्ही पाचव्या दुकानात होतो.

गाडी आली ती घर सुटल्यानंतरच्या आठवड्यात. मी पहिल्या दिवशी सांगितली होती अगदी तशीच. सोबत सुट्या भागांची पिशवी. भाड्याचे घर जवळच्याच एका टॉवरमध्ये आठव्या मजल्यावर होते. तिथले आवार इतके सपाट होते की त्यावर पडलेली गोटीसुद्धा कुठे जावे या विचारात थांबली असती. आतोबांनी गाडी सोडली. खडक चढण्यासाठी जन्मलेली ती मोठ्या चाकांची गाडी चकचकीत फरशीवरून, बूट घालून नाचायला आलेल्या पाहुण्यासारखी, नुसती इकडून तिकडे गेली. सुरक्षारक्षकाने हरकत घेतली. आतोबांनी त्या हरकतीवर हरकत घेतली नाही. "हिला इथे काय मोडणार?" एवढेच म्हणून त्यांनी रिमोट बंद केला आणि पुढे कित्येक दिवस गाडी खोक्यातून काढली नाही. त्या दिवसांत त्यांनी काहीही वाजवून पाहिले नाही. आत्याने एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर कलिंगड ठेवले, तर म्हणाले, "चांगलंच असेल." त्या रात्री तिने मला फोन केला. "तुझ्या आतोबांना काहीतरी झालंय गं."

म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही दोघींनी त्यांना गाडीसकट जुन्या इमारतीकडे नेले. म्हणजे जिथे ती होती तिथे. पत्र्याच्या कुंपणाआड विटा, सळया आणि सिमेंटच्या तुकड्यांची टेकडी उभी होती. बदामाचे झाड एका कोपऱ्यात तेवढे राहिले होते. फाटकावर आमचाच जुना वॉचमन होता. बिल्डरने त्याला ठेवून घेतले होते.

"साहेब, आत माणूस सोडायचा नाय, ऑर्डर आहे," तो ओशाळून म्हणाला.

"माणूस नाही रे," आतोबा म्हणाले, "गाडी."

त्याने थोडा विचार केला. गाडीबद्दल ऑर्डर नव्हती.

फाटकातून गाडी आत गेली. बदामाच्या मुळांवरून ती उसळत गेली तेव्हा आतोबांची मान आपोआप तिच्याबरोबर हलली. टाकीचा उंचवटा नव्हता, जाळी नव्हती. तरी ते त्या त्या जागी वेग कमी करत होते. मग त्यांनी तिला ढिगाऱ्यावर घातले. ती घसरली, थांबली, पुन्हा चढली. "डावीकडे घ्या," अचानक आत्या म्हणाली. "अहो, डावीकडे. ती हिरवी फरशी बघा. ओट्यामागची आपली." आतोबांनी डावीकडे घेतले. हिरव्या तुकड्यांच्या माथ्यावर गाडी क्षणभर उभी राहिली, मग कलली आणि गडगडत खाली आली. उंची, माझ्या अंदाजाने, कंबरेहून बरीच अधिक होती.

वॉचमनने ती आणून दिली. पुढच्या चाकाचा हात मोडला होता. आतोबांनी गाडी उलटी करून पाहिली आणि अनेक आठवड्यांनी त्यांचा चेहरा फुलला.

"मोडली! बघितलंस? पण हा पार्ट आहे आपल्याकडे. घरी आहे."

आणि 'घरी' म्हणताना त्यांचा हात ढिगाऱ्याकडे गेला. तो तसाच राहिला.

"आठव्या मजल्यावर, कपाटात," आत्या हळूच म्हणाली.

"हो. तिथेच."

चाकाच्या खाचेत हिरव्या फरशीचा एक तुकडा अडकला होता. आत्याने तो नखाने सोडवला, पदराला पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. रिक्षा टॉवरपाशी पोहोचेपर्यंत तो त्यांच्या मुठीत होता. मी पूर्ण वेळ त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी तो एकदाही वाजवून पाहिला नाही. आणि रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांनी तो पडू नये म्हणून दुसरा हातही त्याच्यावर धरला.